ब्रह्मचारी देवापुढे बाळंतपणाचं गाऱ्हाणं

माझ्या लेकीनं पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं ठरवलं, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो घोर. माहेर म्हणजे आई, आणि आमच्या घरातली आई काही वर्षांपूर्वीच आजारपणात गेलेली. घरात उरलो होतो मी, एक म्हैस आणि भिंतीवर हिचा फोटो. त्यातली म्हैसही त्या उन्हाळ्यात घरी नव्हती. पाटोद्याच्या अलीकडचं आमचं गाव. त्या साली पाऊस असा झाला की झाला म्हणावं की नाही, यावरच पारावर वाद चालत. विहिरी तळाला गेल्या, ओढ्यात पोरं क्रिकेट खेळू लागली. गावच्या दूध संस्थेचा मी चेअरमन, पण संस्थेत दुधापेक्षा सभासदच जास्त जमा होत होते. शेवटी आजूबाजूच्या सोसायट्यांना बरोबर घेऊन आम्ही माळावर गुरं जगवायला चाऱ्याची छावणी उघडली. माझा सगळा दिवस तिथंच जाई. कुणाच्या बैलाच्या वाट्याला उसाचं वाळलेलं वाढं आलं, कुणाच्या गाईनं शेजारच्या गाईची वैरण ओढली, असले तंटे मी उभ्या उभ्या मिटवत असे. पण लेकीच्या बाळंतपणाचा विषय निघाला की माझी वाचा बंद होई.

मी लहानपणापासून मारुतीचा. शनिवारी तेल, रुईच्या पानांची माळ आणि रोज सकाळी प्रदक्षिणा, यात कधी खंड पडला नाही. शेताच्या बांधाचा वाद असो नाहीतर संस्थेची निवडणूक, गाऱ्हाणं त्याच्याच कानावर घालायची सवय. हिच्या आजारपणात त्यानं माझ्या मनासारखं केलं नाही, तरी मी त्याला सोडलं नाही. जाणार तरी कुठं होतो? पण या खेपेला पायरीवर उभा राहिलो आणि जीभ रेटेना. जन्माचा ब्रह्मचारी देव. आमच्याकडच्या बायका त्याच्या गाभाऱ्यात पाऊलसुद्धा टाकत नाहीत. त्याला बाळंतपणाचं कोणत्या तोंडानं विचारायचं? बराच वेळ नुसतेच हात जोडून उभा राहिलो आणि शेवटी हळूच म्हणालो, "तुला अवघड वाटत असंल तर सीतामाईला विचारून सांग."

घरात बाईमाणूस हवं म्हणून शिरूर कासारहून माझी थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्काची लेकरं घरातच झाली, त्यातलं एक तर ऊसतोडीला गेली असताना फडातच झालं. ती हकीकत ती एखादी लढाई मारून आल्यासारखी सांगते. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर असतात, असं तिचं पक्कं मत. येताना डिंक, खोबरं, खारीक, बाळंतिणीची शेगडी असं सगळं घेऊन आली आणि आल्या आल्या तिनं मला ओसरीवरून उठवून अंगणातल्या लिंबाखाली बसवलं. पुढचे दोन महिने माझा मुक्काम तिथंच होता.

मग मनीषा आली. माझी ही एकुलती एक लेक घाटनांदूरला दिलेली, जावई पुण्याला कंपनीत. आल्या दिवशीच तिनं सांगून टाकलं की डॉक्टर ती स्वतः बघून, बोलून ठरवणार. मला हे नवीन होतं. आमच्याकडे डॉक्टर ठरवत नाहीत, कुणाच्या तरी ओळखीनं तो ठरलेलाच असतो. शिवाय सासरी तिच्या सासूबाईंनी एक चांगला मोठा दवाखाना आधीच पक्का केला होता आणि तो सोडून ही इकडं आली होती. मी म्हणालो, एवढं चांगलं सोडून का आलीस? ती सुपात ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी तिला दिवस राहिले होते आणि ते टिकले नाहीत. मला फोनवर 'तब्येत जरा बिघडलीय' एवढंच कळवलं होतं.

"डॉक्टर माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत, आप्पा," ती म्हणाली. "माझ्या पोटात काय झालं ते त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, सासऱ्यांनी ह्यांना सांगितलं, अन् ह्यांनी मला. तवर ते बदलत बदलत काहीतरी दुसरंच झालतं."

आक्का शेगडीला पोतेरं देता देता थांबली. त्या दिवसापासून डॉक्टर निवडायला आमची कुणाची ना उरली नाही. राहिला तो फक्त कोणता, हा प्रश्न.

मुलगी बघायला मी आयुष्यात पुष्कळदा गेलोय. डॉक्टर बघायला जायची पहिलीच वेळ. साखर कारखान्याचे एक संचालक माझ्या ओळखीचे, त्यांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही तिघं तालुक्याच्या गावी पहिल्या दवाखान्यात गेलो. दवाखाना मोठा, फरशी इतकी गुळगुळीत की आक्का भिंत धरून चालली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सोनोग्राफी पाहिली, मला 'काळजी करू नका' म्हणाले आणि कुणाशी तरी फोनवर उसाच्या भावाचं बोलू लागले. मनीषानं विचारलं की वेळ आल्यावर तुम्ही असाल ना, नसलात तर कोण असेल, आत्याला माझ्याजवळ थांबता येईल का. त्यांनी माझ्याकडे बघून, लेक शिकलेली दिसते, असं कौतुक केलं आणि बाकीचं सिस्टरला विचारायला सांगितलं. सिस्टर म्हणाली, ते डॉक्टरांना विचारा. आम्ही थोडा वेळ दोघांच्या मधल्या वऱ्हांड्यात उभे राहिलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दवाखान्याच्या दारातच माझ्या अंगावर काटा आला. समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा मारुती, शेंदूर ओला, समई तेवत असलेली. डॉक्टर वयस्कर, कपाळाला गंध, बोलणं साखरेसारखं. मला वाटलं, देवानं सीतामाईला विचारलेलं दिसतंय. मी मनातल्या मनात सगळं ठरवूनसुद्धा टाकलं. पण मनीषाचे प्रश्न तेच. तुम्ही बाहेरगावी असलात तर कोण बघेल? डॉक्टरांनी शांतपणे त्या मारुतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, तो आहे ना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आक्कानं पदर डोळ्यांना लावला. मनीषानं नमस्कार केला आणि ती बाहेर आली. परतीच्या वाटेला आम्ही जीप केली.

"आप्पा, मारुती टाके घालतो का?" तिनं विचारलं.

जीपवाल्याला हसू आवरेना. मी रागानं खिडकीबाहेर बघत राहिलो.

तिसरा दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत, लहानसा. तिथं ओळखीची चिठ्ठी नव्हती. शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीनं मनीषाला सांगितलं होतं. मी शिरल्या शिरल्या भिंतीवर माझा देव शोधला. नव्हता. कोनाड्यात पांढरी बुद्धमूर्ती होती, तिच्यापुढे मोगऱ्याची चार फुलं. आक्कानं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून बाकाच्या टोकाला बसली. शकीला नावाच्या सिस्टरनं पाण्याचा तांब्या आणला. उन्हानं आमच्या टाळूला जीभ चिकटली होती, पण आक्का म्हणाली, मला आज उपास आहे. पाण्याचा उपास मी प्रथमच ऐकत होतो. परतताना तिनं रसवंतीवर दोन ग्लास रस घेतला.

डॉक्टरबाई आमच्याच बाजूच्या, बोलण्यात आडपडदा नाही. त्यांनी मनीषाला विचारलं की कंबर दुखते का, आणि सवयीनं मी उत्तर दिलं की तशी दुखत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, कंबर तुमची का तिची?" संस्थेच्या सभेत मला मध्येच थांबवायची कुणाची छाती नाही. मी खुर्ची जरा मागे ओढून घेतली. पुढचं सगळं बोलणं त्या दोघींचं झालं आणि मी नुसता ऐकत होतो. वेळ आली की मी इथंच असेन, बाई म्हणाल्या. अगदीच नसले तर गावातल्या दुसऱ्या एक डॉक्टर येतील, त्यांची आणि तुझी आधी गाठ घालून देते. भूल देणारे डॉक्टर कुठून येतात, यायला किती वेळ लागतो, बाळाला बघायला कोण येणार, हेही सांगितलं. कळा चालू असताना हिंडता येईल, आत्याला जवळ थांबता येईल. मग मनीषानं जरा अडखळत विचारलं की पोट फाडायची वेळ येईल का.

"गरज नसली तर सुरी हातात घेणार न्हाई," बाई म्हणाल्या. "गरज पडली तर वेळ घालवणार न्हाई. अन् दोन्ही वेळेला आधी तुझ्याशी बोलणार, मग बाहेर सांगणार."

परतताना आक्कानं विचारलं, तिथला देव बघितला का? मनीषा म्हणाली, बघितला, गप बसलेला होता, कुणाला घाई करत नव्हता. मला बाळंतपणाला तसंच माणूस पाहिजे.

माझं मन मात्र दुसऱ्या दवाखान्यात, त्या ओल्या शेंदरापाशी अडकलं होतं. म्हणून शनिवारी मी देवाला कौल लावायचं ठरवलं. त्या दुष्काळात फुलं कुठली? गुरवानं रुईची तीन पानं आणली, तेलात बुडवून मारुतीच्या छातीवर ओळीनं चिकटवली आणि सांगितलं, जे पान आधी पडेल तो डॉक्टर. मी डोळे मिटून बसलो. पान पडेना. उन्हानं शेंदूर पातळ होऊन तिन्ही पानं त्यात घट्ट बसली होती. तासभर वाट बघून गुरव घरी जेवायला गेला आणि मी खांबाला टेकलो. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा एक शेळी गाभाऱ्यात पुढचे पाय चौथऱ्यावर ठेवून उभी होती आणि दोन पानं तिच्या पोटात गेली होती. एरवी रुईला जनावर सहसा तोंड लावत नाही, पण त्या साली कशाचाच विधिनिषेध उरला नव्हता. गुरव आला, त्यानं उरलेलं पान नीट पाहिलं आणि म्हणाला, हाच देवाचा कौल. मी विचारलं, हे पान कोणत्या डॉक्टरचं? ते ना त्याला आठवत होतं, ना मला.

तिथं बसल्या बसल्या मला एकच धीर वाटला. या देवालाही एकदा नेमकी मुळी ओळखता आली नव्हती. सापडेना म्हणून त्यानं अख्खा डोंगर उचलून आणला आणि जाणत्याच्या पुढ्यात ठेवला. ओळखायचं काम ज्याचं त्यानं करावं, आपण फक्त पोचवावं. हे मला तेव्हा पुरतं उमगलं असं नाही, पण मनात आलं खरं.

घरी आलो तर मनीषा दारातच होती. देव काय म्हणाला, असं तिनं विचारलं. शेळीची हकीकत सांगावीच लागली. ती हसली नाही. माझ्या समोर खाटेवर बसली आणि म्हणाली, "आप्पा, देवानं काय सांगितलं ते तुमाला कळालं न्हाई, ऱ्हाऊ द्या. पण मी काय सांगतेय ते तर कळतंय ना?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला एखादं वाक्य असं ऐकायला मिळतं की त्यापुढे पोथी मिटावी. मी म्हणालो, कळतंय. आणि डॉक्टर ठरला.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी मलाही कामाला लावलं. मनीषाच्या रक्तगटाची माणसं गावात हेरून ठेवायची होती. मी छावणीवर गुरांच्या दावणीत उभा राहून सभाच घेतली. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि सुई किती जाड असते हे विचारून निम्मे सभासद वैरण टाकायला निघून गेले. उरले ते कामाचे होते. दुसरं काम गाड्यांचं. बाई म्हणाल्या होत्या, एक गाडी ठरवा आणि ती आली नाही तर दुसरी कोणती, तेही ठरवा. पुढच्या तपासणीला त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की जीप पक्की केली आहे, आणि दुसरा आपला मारुती आहे. मारुती व्हॅन ना, बऱ्या स्थितीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी भाबडेपणानं म्हणालो, जुनाच आहे, पण अजून कधी दगा दिला नाही. मनीषानं ओढणीत तोंड लपवलं. मला चूक कळली तोवर आम्ही पायऱ्या उतरलो होतो.

दिवस भरले तो दिवस नेमका कारखान्याच्या मतदानाचा. पहाटेपासून दोन्ही पॅनेलच्या गाड्या सभासद वाहत होत्या. मलाही न्यायला दोघांच्या जीपा आल्या होत्या. भांडण नको म्हणून मी एकीतून गेलो आणि दुसरीतून आलो; मला सोडून तीही पुढचे मतदार आणायला निघून गेली. बोटाची शाई वाळली नव्हती तेवढ्यात आक्का ओसरीवर आली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली की पाणी गेलं, पोरीचं पाणी गेलं.

पाणमोट फुटली एवढंच तिला म्हणायचं होतं. पण ज्या गावाला आठ-आठ दिवसांनी टँकर येतो, तिथं 'पाणी गेलं' हे शब्द जपून उच्चारायला हवेत. शेजारणीला वाटलं टँकर आला आणि चालला. तिनं घागर उचलली, तिचं बघून दुसरीनं, आणि बघता बघता अख्खी आळी हंडे-कळशा घेऊन सडकेकडे धावली. इकडं मी जीपवाल्याला फोन लावतोय, तर तो मतदार घेऊन लांबच्या वाडीला गेलेला, दुपारशिवाय येत नाही म्हणाला. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन जिल्ह्याच्या वाटेवर होती. मनीषा मात्र शांत. तिनं डॉक्टरबाईंना फोन केला, पाण्याचा रंग सांगितला, बाळ हलतंय म्हणाली, आणि मला म्हणाली, घाबरायचं काम नाही, पण घरी बसायचं नाही, निघायचं.

निघायचं कशानं? मी देवळाच्या शिखराकडे पाहिलं. मागायचं काही सुचलं नाही. तेवढ्यात सडकेवरून कलकलाट ऐकू आला. आमच्या छावणीचा टँकर, जो गावात कधीच थांबत नसे, तो बायकांनी हंडे आडवे मांडून अडवला होता. मी धावत गेलो. खाली उतरलेला ड्रायव्हर नवाच होता, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. धिप्पाड माणूस, पुढं आलेली हनुवटी आणि अंगात शेंदरी रंगाचा शर्ट. मी नुसता हात जोडून उभा राहिलो. बायकांपैकीच कुणीतरी त्याला खरा प्रकार सांगितला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "मग बसवा की ताईला केबिनीत. कशापायी उभे ऱ्हायलेत?"

केबिनीत मनीषा आणि आक्का बसल्या. माझ्यासाठी जागा उरली ती टँकरच्या टपावर, झाकणाच्या कडीला धरून. कडेवर बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं. ड्रायव्हर इतका हळू चालवत होता की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. पोटुशी बाई आणि भरलेला टँकर, दोन्हीला हिसका चालत नाही, असं तो आक्काला समजावत होता म्हणे. तालुक्याच्या गावात शिरलो तर चौकाचौकात मतदानाची गर्दी. एका पॅनेलच्या लोकांनी मला टपावर पाहून हात हलवले, पुढच्या चौकात दुसऱ्यांनी घोषणा दिली. मीही गाठोडं सावरत दोघांना नमस्कार करत गेलो. निवडणुकीला उभा न राहता माझी एवढी मोठी मिरवणूक कधी निघाली नव्हती.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरबाई उभ्याच होत्या. त्यांनी आधी मनीषाला उतरवून घेतलं, नाडी पाहिली, चालत आत नेलं. मग शकीला सिस्टर बाहेर आली आणि टँकरभोवती एक फेरी मारून मला म्हणाली, इसमें पानी है क्या? दवाखान्याचं पाणीही विकतच्या टँकरनं येई आणि त्याचा ड्रायव्हरही मतदार वाहायला गेला होता. सकाळपासून त्यांच्या टाकीत खडखडाट. आमचा ड्रायव्हर म्हणाला, पाणी छावणीच्या गुरांचं आहे, चेअरमन हो म्हणतील तर देतो. चेअरमनपदाच्या एवढ्या वर्षांत माझ्या शब्दाला इतकी किंमत कधी आली नव्हती. मी म्हणालो, निम्मं इथं सोडा. गुरांना मी संध्याकाळी सांगेन काय ते.

पाणी सोडून तो निघाला तेव्हा मला राहवलं नाही. मी वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो दोन पावलं मागे सरला.

"आप्पा, अहो काय करताय," तो म्हणाला. "मी कालच मटण खाल्लंय."

मी विचारलं, लेकराबाळांचं कसं काय? तीन पोरी आहेत म्हणाला, आणि गाडीत बसला. मी जे समजत होतो ते एवढ्यानं खोटं ठरतं का, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही आणि आजही विचारत नाही.

दुपार झाली. कळा वाढत होत्या, पण बाळ पुढं सरकत नव्हतं. मी बाकावर बसून स्तोत्र सुरू केलं आणि रोज पाठ असलेलं स्तोत्र निम्म्यावर आल्यावर पुढची ओळ आठवेना. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथंच अडलं. चार वेळा असं झाल्यावर मी सोडून दिलं. हात मांडीवर ठेवले आणि नुसता बसलो. ठरवायला काही उरलं नव्हतं, सांगायला कुणी नव्हतं, मागायचे शब्दही संपले होते. आयुष्यात इतका रिकामा मी कधी बसलो नव्हतो. आणि खरं सांगतो, त्या रिकामेपणात भीती होती, पण मी एकटा नव्हतो. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल सांगता येणार नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरबाई आल्या. बाळाचे ठोके कळेबरोबर खाली जात होते. त्या म्हणाल्या, सिझर करावं लागेल, मनीषाला सगळं समजावलंय, ती तयार आहे, भूल देणारे डॉक्टर पोचलेत. मी विचारलं, सही कुठं करू? त्या म्हणाल्या, तिनं केलीय.

आक्काला बाहेर पाठवलं. ती माझ्या शेजारी बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. फडात बाळंत झालेली बाई ती. शकीला सिस्टर जाता जाता तिच्याजवळ थांबली. आक्कानं मान वर केली आणि म्हणाली, बाई, जरा पाणी दे. सिस्टरनं तांब्या दिला. आक्का भांडं न मागता तोंड लावून घटाघटा पाणी प्याली, तिनं अर्धा तांब्या संपवला आणि तोंडावरून पदर फिरवला. मी दुसरीकडे बघत राहिलो.

रडण्याचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघंही उठलो आणि कुठं जायचं ते न कळून परत बसलो. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. बऱ्याच वेळानं आत सोडलं. आक्का पलंगाजवळ गेली आणि हळहळली, शेवटी पोट फाडलंच की गं. मनीषा थकलेली होती, ओठ सुकले होते, पण चेहऱ्यावर ज्वारी पाखडतानाचं ते ओझं नव्हतं.

"फाडलं, आत्या," ती म्हणाली. "पण मला विचारून."

नंतर मी डॉक्टरबाईंचे आभार मानायला गेलो आणि पाण्याचा विषय काढला. देवानंच टँकर धाडला, नाहीतर ऑपरेशन कसं झालं असतं, असं काहीसं म्हणालो. त्या म्हणाल्या, बाबा, ऑपरेशनपुरता एक ड्रम मी कायम भरून ठेवते, कोणी त्याला हात लावत नाही. मग म्हणाल्या, पण पाणी आलं ते फार बरं झालं, वॉर्डातल्या बायकांना सकाळपासून तोंड धुवायला नव्हतं. मी वाद घातला नाही. ज्यानं टँकर धाडला त्यानं ड्रमही भरून ठेवलेला असू शकतो, आणि ज्या बाईनं तो न विसरता भरला तिच्यापुढे हात जोडताना माझा देव काही रुसणार नाही, एवढी माझी त्याच्याशी ओळख आहे.

मी आयुष्यभर शरण जाणं म्हणजे मागणं समजत होतो. वाकायचं, मागायचं आणि मग खूण दिसते का म्हणून इकडं तिकडं बघत बसायचं. त्या उन्हाळ्यात मला जे मिळालं ते मी मागितलेलं नव्हतं. मी साधं बाळंतपण मागितलं होतं, ते झालं नाही. मला पसंत होता तो दवाखाना मिळाला नाही. माझ्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली गेली आणि ती ज्याच्या त्याच्या हातात गेली: लेकीचं लेकीकडे, डॉक्टरचं डॉक्टरकडे. माझ्याकडे उरलं ते बाकावर बसणं. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, आणि त्या दवाखान्यातल्या सगळ्यांचाही.

मनीषाला घरी न्यायच्या आदल्या दिवशी मी त्याच बाकावर बसलो होतो. माझ्याच वयाचा एक माणूस आला, धोतर, डोक्याला पटका, बरोबर दिवस भरत आलेली लेक. लेक आत गेली आणि तोही मागोमाग उठला. मी त्याला बसायला सांगितलं. तो अर्धवट बसला, दाराकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारू लागला की पाव्हणं, ही डॉक्टरीण कशी हाय, आमाला इथं कुणाची ओळख न्हाई.

मला त्याला पुष्कळ सांगता आलं असतं. टँकरचं सांगता आलं असतं, शेळीचंसुद्धा. पण आतून त्याच्या लेकीचा बोलण्याचा आवाज येत होता. ती काहीतरी विचारत होती आणि मधे कुणी तिला तोडत नव्हतं.

"मला नका विचारू," मी म्हणालो. "लेक बाहेर आली की तिला विचारा."

त्यानं डोक्याचा पटका सोडून मांडीवर ठेवला आणि माझ्या शेजारी नीट टेकून बसला.